तुपाची वाटी

एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना मी म्हणालो होतो, ‘शिकवता येत नाही असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.’ टाळ्या पडल्या. मलाही ते वाक्य मनापासून आवडले होते. त्यानंतर दीड वर्षाने आमच्या घरी एक कुत्री आली आणि ते वाक्य मी पुन्हा उच्चारले नाही.

तुम्ही ही पुस्तिका बहुधा एकट्यानेच वाचत असाल. कोणी नोकरीवरून परतून, कोणी मुले निजल्यावर, कोणी पाणी धरायची पाळी रात्रीची म्हणून बांधावर बसून. समोर शिक्षक नाही. अडले तर पुढच्या संपर्क सत्रापर्यंत थांबायचे किंवा आपणच वाट काढायची. कोठवर आपले आपण करावे आणि कोठे जाणत्याला हाक मारावी, हा प्रश्न तुम्हांला माझ्याहून अधिक ओळखीचा आहे. मला तो साठीत भेटला, आणि त्याची किंमत माझ्या पत्नीने मोजली. म्हणून ही हकिकत तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे घर कऱ्हाडच्या बाहेर, उसाच्या शिवारालगत आहे. मार्च संपताना ऊसतोडीच्या टोळ्या परत निघाल्या. कोप्या मोडल्या, ट्रॅक्टर भरले गेले, आणि मोडलेल्या कोप्यांच्या पाचटात एक पिल्लू मागे राहिले. काळसर तांबूस, नव्या काकवीच्या रंगाचे. पत्नीने तिचे नाव तेच ठेवले. पशुवैद्यांनी दात पाहून वय चार-साडेचार महिने सांगितले. लस टोचली, जंताचे औषध दिले आणि जाता जाता म्हणाले, “जरा भित्री दिसते. जपून घ्या.” हे शेवटचे वाक्य मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. डॉक्टर सगळ्यांनाच असे सांगतात, असे मला वाटले.

त्या वाक्यात बरेच काही होते, हे मला फार उशिरा कळले. पिल्लाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ असा असतो, की त्यात भेटलेली माणसे, आवाज, वाहने त्याच्या जगाचा भाग होऊन जातात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी पिल्लांवर अनेक वर्षे काम करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा काळ तपशिलाने मांडला आहे. हा दरवाजा एकदा मिटत आला, की पुढे नवे असे जे भेटते त्याच्याकडे कुत्रे आधी संशयाने पाहते. काकवी आमच्याकडे आली तेव्हा तिचा तो काळ कोपीच्या आडोशाला, मोजक्या माणसांत संपून गेला होता. ती माणसेही एका सकाळी ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेली होती.

मला मात्र एक कोरी पाटी मिळाल्याचा आनंद झाला होता. मी बी.एड. केले तेव्हा शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपराला थॉर्नडाइकचे तीन नियम हमखास येत: तयारीचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. पेटीत कोंडलेली मांजरे, १८९८ सालचा प्रबंध, सगळे पाठ. पाव्हलॉव्हचे अभिजात अभिसंधान आणि स्किनरचे साधक अभिसंधान यांतील फरकावर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. पाव्हलॉव्हला १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल, कुत्र्यांच्या शिक्षणाबद्दल नव्हे, हे सांगून वर्गात भाव खाल्लेलाही आठवतो. एवढी शिदोरी असताना कुत्रे शिकवायला माणूस कशाला हवा?

आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला तो नकोच होता. गुळाचा खडा नाकासमोरून डोक्यावर नेला, की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. त्याच क्षणी ‘बस’ म्हणायचे आणि खडा द्यायचा. तीन दिवसांत काकवी बसू लागली. (पुढे गूळ बंद करून उकडलेल्या अंड्याचे तुकडे सुरू केले, गोड तिला बरे नाही म्हणून.) पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन धडे दिवसाला पुरत. ‘ये’, ‘थांब’, पट्टा न ओढता चालणे, शी-शूला बाहेर जाणे, हे सगळे पावसाळा संपेपर्यंत साधले. तुमच्या घरी निरोगी, आनंदी पिल्लू असेल तर एवढ्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आपण दिलेल्या शब्दावर एक मुके जनावर विचार करते आहे, हे तिच्या कपाळाच्या आठीवरून दिसते, तो क्षण दुसऱ्याला का द्यावा?

गणपतीच्या सुमारास ती जेवताना गुरगुरू लागली.

शेजारचे आप्पा म्हणाले, “सर, तिला मालक कोण ते कळलं पाहिजे. खाताना भांड्यात हात घाला, भांडं उचला. गुरगुरली तर नाकावर एक द्या.” मला ते पटले. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिस्त लावली नाही तर वर्षभर लागत नाही, हे मीही नव्या शिक्षकांना सांगत असे. मी रोज संध्याकाळी तिच्या जर्मनच्या भांड्यात हात घालू लागलो. ती गुरगुरली, की वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर. दोन आठवड्यांत गुरगुरणे थांबले. मी पत्नीला म्हणालो, “बघ, सुधारली.”

पत्नी म्हणाली, “अहो, ती पूर्वी सावकाश खायची. आता गिळते.”

हे वाक्यही मी ऐकले आणि सोडून दिले. माझ्या सगळ्या चुका या हकिकतीत अशाच आहेत. प्रत्येक वेळी कोणीतरी खरे बोलले होते.

दिवाळीला आठ दिवस होते. मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू पुण्याहून यायचे होते, म्हणून पत्नी मागचे अंगण झाडत होती. काकवी तुळशीवृंदावनामागे भाकरी खात होती. पत्नीने वाकून तिच्याजवळचा कागदाचा बोळा उचलला. आवाज नाही, दात दाखवणे नाही, एकदम चावा. उजव्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल भाग फाटला. आम्ही नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. रुग्णालयात डॉक्टरांनी टाके घालायचे टाळले, कारण चावलेली जखम लगेच शिवून बंद करू नये असे ते म्हणाले. जखमेभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शन दिले आणि लसीच्या पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. काकवीला लस टोचलेली होती, तरी दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. त्या दहा दिवसांत ती नेहमीसारखीच होती. मी बोलावले की येत होती, बस म्हटले की बसत होती.

गुरगुरणे ही तिची भाषा होती. ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटते’ एवढे एकच वाक्य तिला येत होते आणि ते मी मारून बंद पाडले होते. बोलायची सोय काढून घेतल्यावर तिच्याजवळ दातांशिवाय काही उरले नाही. आयुष्यभर मुलांना ‘बोला, मनातले बोला’ म्हणणाऱ्या भाषेच्या शिक्षकाने हे केले.

मुलाचा फोन आला. “बाबा, ती असेपर्यंत आम्ही येणार नाही. तिला कुठंतरी सोडून या.” त्याचे चुकले असे मी आजही म्हणत नाही. त्याच्या जागी मी हेच बोललो असतो. मी पत्नीकडे पाहिले. तिने बँडेज बांधलेला हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, “एकदा सोडूनच दिलेली आहे ती. चावली मला आहे, ठरवीन मी.” ती दिवाळी आम्ही दोघांनीच केली. करंज्यांचा डबा मुलाकडे एसटीच्या पार्सलने गेला.

आता जाणत्याला विचारायचे ठरले. येथे मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा खर्चिक होती. डॉक्टरला पदवी लागते, वकिलाला सनद लागते; श्वानप्रशिक्षकाची पाटी मात्र कोणालाही लावता येते. जवळच्या शहरातल्या एका प्रशिक्षकाने एकवीस दिवस कुत्री आपल्याकडे ठेवून ‘पूर्ण सुधारून’ देण्याचे बारा हजार रुपये सांगितले. मध्ये भेटायला यायचे नाही, तिचे लक्ष विचलित होते, अशी अट होती. त्याने मला लांडग्यांच्या टोळीचे शास्त्रही ऐकवले. टोळीत एक नायक असतो, तो दाबून राज्य करतो, घरात तो नायक तुम्ही व्हायला हवे. त्या समजुतीचा उगम मी नंतर वाचला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिले, आणि डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर गेली. पुढे रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्यावर १९९९ साली मेच यांनीच लिहिले, की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब असते. स्वतःची प्रसिद्ध झालेली चूक स्वतः दुरुस्त करणारा अभ्यासक मला फार मोठा वाटतो. पण ती दुरुस्ती आप्पांपर्यंत, त्या प्रशिक्षकापर्यंत आणि माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

एकवीस दिवसांनी काकवी परत आली. प्रशिक्षकाने चुटकी वाजवताच ती बसे, आडवी होई, दगडासारखी थांबे. गळ्यात ओढली की आवळणारी साखळी होती. अंगणात हे प्रात्यक्षिक पाहून मी समाधानाने पैसे दिले. तो गेल्यावर मी कोपऱ्यातला झाडू उचलला, आणि ती उभ्या जागी मुतली. रात्री ती माझ्या खोलीत येईना, पत्नीच्याही येईना. मोरीत जाऊन बसली. भांड्याजवळ कोणी गेले, की ती खाणे थांबवून शरीर ताठ करून बसे, आणि तो आज्ञाधारकपणा नव्हता, हे आता मलाही दिसत होते.

माझा एक जुना विद्यार्थी पोलिसांच्या श्वानपथकात आहे. शाळेत त्याचे शुद्धलेखन मी फार तपासले होते. लाज बाजूला ठेवून त्याला फोन केला. सगळे ऐकून तो म्हणाला, “सर, कुत्रं एकटं शिकायला पाठवलंच कसं तुम्ही? आमच्याकडं कुत्र्यासोबत त्याचा हस्तकही ट्रेनिंगला जातो. महिनोन्महिने दोघं एकत्र शिकतात. हस्तक बदलला तर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. तुमची काकवी त्या माणसाबरोबर शिकली. तुम्ही कुठं शिकलात?” मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. आधी पशुवैद्यांना नीट दाखवा, आणि साताऱ्याला एक मुलगी हे काम करते, तिला विचारा.

पशुवैद्यांकडे मी काकवीला फक्त लसीपुरता नेत असे. या वेळी त्यांनी दिवा लावून कान तपासले. डाव्या कानात आतपर्यंत जुनाट संसर्ग होता. आवळणारी साखळी त्या कानाच्या अगदी खाली बसत होती. पत्नीने बोळा उचलला तेव्हा तिचा हात याच बाजूने गेला होता काय, हे आता सांगता येत नाही. तुमच्या जनावराची वागणूक अचानक बिघडली, तर शिक्षकाच्या आधी डॉक्टरांकडे जा, एवढे मात्र मी तुम्हांला ठामपणे सांगू शकतो. दुखणाऱ्या जिवाला शिस्त लावता येत नाही. शाळेत फळा न दिसणाऱ्या मुलाला मी सहा महिने आळशी समजत होतो, ते मला दवाखान्याच्या बाकावर आठवले.

कान बरा झाल्यावर साताऱ्याची ती मुलगी एसटीने आली. वय असेल अठ्ठावीस. एका भेटीचे सहाशे रुपये आणि येण्याजाण्याचे भाडे. पहिला अर्धा तास तिने काकवीकडे नुसते पाहिलेही नाही. ती पायरीवर बसून पत्नीला प्रश्न विचारत होती. भांडे कोठे ठेवता, दिवसातून किती वेळा, त्या दिवशी उजेड किती होता, झाडू कोणत्या हातात होता. मी मध्ये उत्तर देऊ लागलो, की म्हणे, “काका, थांबा हं, काकूंना सांगू दे.” मग तिने मला जे विचारले, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

“काका, भांड्यात हात घालायचाच कशाला?”

मालक कोण ते कळावे म्हणून, असे मी पुटपुटलो.

“आणि तिला काय कळलं?”

नामदेवांची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी कशी खाशील म्हणून. एकतीस वर्षांत ही कथा मी किती वर्गांत, किती रसाळपणे सांगितली असेल, याचा हिशेब नाही. सर्वांभूती ईश्वर, अद्वैत, भागवत धर्म, सगळे समजावून दिले. त्यात कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर काय घडते, हे कधी सुचलेच नाही. त्याच्यामागे माणूस धावतो आहे, आणि तो माणूस काही घ्यायला नव्हे, द्यायला येतो आहे. सातारच्या मुलीने मला जे शिकवले ते शब्दशः एवढेच होते. तिने नामदेवांचे नावही घेतले नाही.

पद्धत अशी. काकवी भांड्यात तोंड घालून खात असताना आम्ही इतक्या दूर उभे राहायचे, की तिचे खाणे जराही अडू नये. आमच्या बाबतीत ते अंतर दहा पावले निघाले. तेथून भांड्याजवळ अंड्याचा तुकडा टाकायचा आणि पाठ फिरवून निघून जायचे. बस. ‘शाबास’ नाही, कुरवाळणे नाही. पाय जवळ आले की चांगले काहीतरी येते आणि पाय निघून जातात, एवढेच तिला दिवसेंदिवस दिसू द्यायचे. ती आपणहून मान वर करून शेपटी सैल हलवू लागली, की अंतर अर्धे पाऊल कमी. शरीर ताठ झाले, खाण्याचा वेग वाढला, डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसू लागले, जीभ ओठांवरून फिरली, की एक पाऊल मागे. ही लक्षणे मुलीने आम्हांला वहीत लिहून दिली नाहीत. आम्हीच पाहून लिहायची होती. आठ महिने ती माझ्या घरात होती आणि तिच्या डोळ्याचे पांढरे मी पाहिले नव्हते. पत्नीने दुसऱ्याच दिवशी पाहिले.

आणि गुरगुरली तर? “तर आभार माना,” मुलगी म्हणाली. “परत बोलायला लागली म्हणायची.” सहाव्या आठवड्यात काकवी गुरगुरली. पत्नी धावत आत येऊन मला सांगू लागली, जणू मुलाचा निकाल लागला होता.

मुसके घालायलाही तिने शिकवले. मळणीला बैलांची मुसकी पाहिली असल्यामुळे मला ती कल्पना अपमानाची वाटत होती. पण काकवीसाठीचे मुसके जाळीचे, सैल. त्यातून तिला धापता येते, पाणी पिता येते, अंड्याचा तुकडाही घेता येतो. आधी मुसक्याच्या आत खाऊ धरायचा, ती आपणहून तोंड घालेपर्यंत. बांधणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी. आता मुसके खुंटीवरून काढले, की ती उठून येते.

मुलगी एकंदर सहा वेळा आली. हिशेब मांडला तर एकवीस दिवसांच्या त्या सुधारणेपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले, आणि रोजचे काम आम्हीच केले. म्हणून ‘स्वतः शिकवावे की तज्ज्ञाकडे जावे’ असे कोणी विचारले, की मी थोडा गोंधळतो. बसणे-उठणे मी एकट्याने शिकवले आणि ते चांगले शिकवले. भीती आणि चावा यांना हात घातला, तेथे माझे तीन नियम तोकडे पडले. ते नियम खोटे नव्हते. परिणामाचा नियम लागू पडलाच होता. मात्र वर्तमानपत्राच्या गुंडाळीने काकवी नेमके काय शिकत होती, हे मला बाहेरून कोणी दाखवल्याशिवाय दिसणार नव्हते. असा माणूस शोधायची वेळ तुमच्यावर आली, तर मला सामोरे ठेवून शिकवाल का, कुत्रे चुकले तर तुम्ही काय करता, आणि तुमचे काम चालू असताना मला पाहता येईल का, एवढे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला जो नाही म्हणेल, त्याला नमस्कार करून परत या.

यंदाच्या दिवाळीत मुलगा येतो आहे. फोनवर तो आधी आईच्या हाताबद्दल विचारतो, मग काकवीबद्दल. अंगठ्याखाली पत्नीला अजून थोडे बधिर वाटते. पुरी लाटताना लाटणे निसटते. काकवी आता आम्हां दोघांच्या हातची भाकरी, आम्ही शेजारी उभे असताना, सावकाश खाते. आम्हां दोघांच्याच. नातवाला तिने पाहिलेले नाही आणि पाच वर्षांच्या मुलाचे पाय कसे पडतात, हे तिला ठाऊक नाही. म्हणून मागच्या खोलीला आणि अंगणाला मध्ये छातीइतके लाकडी फाटक बसवून घेतले आहे, त्याला दोन कड्या आहेत, आणि वरची नातवाच्या हाताला येत नाही. मुसके खुंटीवर आहे. ती मुलगी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एकदा येऊन जाणार आहे. फाटकाच्या अलीकडून, दहा पावलांवरून अंड्याचा तुकडा कसा टाकायचा आणि टाकून पाठ कशी फिरवायची, हे नातवाला शिकवायचे काम मात्र पत्नीने माझ्याकडे दिलेले नाही. ते ती स्वतः करणार आहे.